डांबराचा पट्टा

११ जानेवारी, रविवार

टाळ्या! भिंत खरवडली म्हणून टाळ्या! मी दुकानात रंगाचे डबे लावत होते आणि टेकडीवरून टाळ्यांचा आवाज पार काउंटरपर्यंत आला. गिऱ्हाईक म्हणालं, "मॅडमनी काम सुरू केलं वाटतं." मी म्हटलं, "कोण मॅडम?" — म्हणजे मला काही माहीतच नाही!

मॅडम म्हणजे माझी भावजय. धाकट्याची बायको. जुन्या इमारती दुरुस्त करायचं शिकून आलेली. शहरातला संसार गुंडाळून दोघं माझ्या माहेरच्या घरात राहायला आली, त्याला अजून वर्ष झालं नाही. आणि आता हे गाव तिला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही. जुना धक्का, दगडी खांब आणि टेकडीवरचं पांढरं घर, तिन्ही पहिल्यासारखं करायचं म्हणून समिती काढली. समितीची पाटी एवढी लांबलचक की रंगवताना रंग पुरेना. रंग माझ्या दुकानातला. पाटीवर नाव तिचं.

या वहीत मी तिला महाराणी म्हणणार. वही माझी आहे.

१३ जानेवारी

हे म्हणतात, "अगं, तुझं काय खातेय ती?"

हे बर्फाच्या कारखान्यात आहेत. तिथे राहून राहून डोकं कायमचं थंड झालंय. यांना कशाचा राग येत नाही, कुणाचा हेवा वाटत नाही. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? भिंतीवर डोकं आपटल्यासारखं, आणि भिंतही गार!

काय खातेय ते मी यांना सांगितलं नाही. इथे लिहिते. या गावात मी जन्मले, वाढले, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे आले. इतक्या वर्षांत मला कुणी म्हटलं नाही की ताई, तुम्ही नसता तर आमचं कसं झालं असतं! तिला रोज म्हणतात. आज शेजारची शिंपीणसुद्धा म्हणाली. माझ्या दुकानात बसून, माझा चहा पिऊन!

१७ जानेवारी

पोरगी पण गेली तिकडे.

आमची चिमणी म्हणजे नावाला चिमणी. नव्या बंदरावर लाँच चालवते, परवाना मिळाला तेव्हा अख्ख्या गल्लीत सांगत सुटले होते मी. आता ड्यूटी संपली की टेकडीवर. हाताला, केसांना चुना माखून घरी येते. घरात साधा कप विसळत नाही, तिथे भिंत घासते! जेवायला बसली की सुरू — मामी म्हणते चुना भिजवून मुरू द्यावा लागतो. मामी म्हणते जुन्या भिंतीला श्वास घेऊ द्यावा. मी म्हटलं, "मामीला विचार, आईला कधी घेऊ द्यायचा?"

हे हसले. पोरगीही हसली. मी विनोद केलाच नव्हता.

२१ जानेवारी

आज समितीच्या बैठकीला गेले. मुद्दाम. उभी राहून म्हटलं, हा चुना टिकणार नाही, खाऱ्या वाऱ्यानं चार महिन्यांत पोपडे धरेल. मला चुन्यातलं काय कळतं? मी डबाबंद रंग विकते. पण म्हटलं!

महाराणी हसली. गोड. "बरं झालं ताई विचारलंत" म्हणाली आणि सगळ्यांना मागच्या भिंतीवर नेलं. तिथे तिनं चाचणीचा तुकडा लावून ठेवला होता, गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून. एक पोपडा नाही. आपण होऊन हात दाखवला आणि अवलक्षण पदरात घेऊन आले.

२४ जानेवारी

गच्चीच्या कठड्याला हिरवा रंग देणार म्हणे. मी म्हटलं, शोभणार नाही. हेडमास्तरांनी — निवृत्त झाले तरी गावाचे हेडमास्तरच, आणि आता समितीचे अध्यक्ष — जुना थर काढून दाखवला. खाली हिरवाच निघाला.

यापुढे तोंड उघडायचं नाही.

२८ जानेवारी

तोंड उघडायचं नाही म्हटलं होतं. आता उघडावंसं वाटतंय तर उघडत नाहीये.

आज पांढऱ्या घराच्या समुद्राकडच्या भिंतीवर त्यांना खाली दुसरा पट्टा सापडला. आधी हा पट्टा काय ते लिहिते, नाहीतर पुढेमागे मीच वाचताना गोंधळेन. पांढऱ्या भिंतीवर उभा काळा पट्टा. खाली धक्क्याच्या मुळाशी दगडी खांब. समुद्रातून येताना खांब बरोबर पट्ट्यावर बसलेला दिसला की समजायचं आपण खोल पाण्यात आहोत. खांब पट्ट्यावरून सुटला की सांभाळा! पूर्वी सगळ्या होड्या अशाच यायच्या. आता मोठ्या होड्या नव्या बंदरात जातात, तिथे यंत्रं आहेत, दिवे आहेत. जुन्या धक्क्याला लागतात त्या चार-दोन डोंग्या, त्याही भरतीच्या वेळी. पट्ट्याकडे बघतो कोण?

तर आपण सगळ्यांनी आयुष्यभर पाहिला तो पट्टा डांबराचा. वेडावाकडा, ओघळलेला. त्याच्या दोन-तीन हात पलीकडे, शाळेच्या बाजूला, चुन्याच्या थरांखाली जुना पट्टा निघाला. काळा कुळकुळीत, घोटलेला, आरशासारखा. गाव नुसतं वेडं झालंय. "हा खरा! हा मूळचा!" महाराणी म्हणे रडली. हेडमास्तर सगळ्यांना सांगत फिरतायत, डांबर नंतर कुणीतरी फासलं, ते काढून मूळचा पट्टा उजळायचा.

कुणीतरी!

२९ जानेवारी

कुणीतरी म्हणजे माझे बाबा.

धक्का, खांब, पट्टा — तिन्हीची राखण बाबांकडे होती. मोठं वादळ झालं त्या वर्षी मी फ्रॉकमध्ये होते आणि धाकटा पाळण्यात. वादळात धक्क्याचं टोक कोसळलं. हे गावाला ठाऊक आहे, तुटकं टोक रोज दिसतं. पण तुटलेले दगड गेले कुठे, हे कुणी विचारत नाही! ते जुन्या वाटेत पडले. पाण्याखाली.

बाबा दोरीला शिसं बांधून होडीतून दिवसच्या दिवस पाणी मोजत फिरले. दगड टाळून खोल पाणी कुठे आहे ते शोधलं. मग एके दिवशी ओहोटीला मला टेकडीवर उभं केलं. हातात काळी फळी, माझ्यापेक्षा उंच. म्हणाले, "मी वल्हं ज्या बाजूला करीन तिकडे सरक. वल्हं खाली केलं की थांब. मग हलायचं नाही, माशी बसली तरी!" ते समुद्रात, मी भिंतीला चिकटून. वल्हं धक्क्याकडे — मी धक्क्याकडे. अजून. अजून. मागे. थोडी पुढे. खाली! मी खडूनं रेघ मारली. बाबांनी वर येऊन तिथे भिंतीच्या पायाशी लोखंडी खुंटी ठोकली आणि दुसऱ्या दिवशी जुना पट्टा चुन्यानं झाकून डांबराचा ओढला.

गंमत अशी की पट्टा धक्क्याकडे सरकवला की समुद्रातली वाट धक्क्यापासून लांब जाते. उलटं असतं ते. मला तेव्हा कळलं होतं. बाबा आईला म्हणाले, "पोरगी बघ, खांबासारखी उभी राहिली." एवढंच. पण मी ते वाक्य अजून जपून ठेवलंय.

तो पट्टा बाबांचा आणि माझा. तो खरवडणार. तो खोटा, आणि खालचा खरा!

आणि मी सांगायला जाऊ? विचारलं का मला कुणी?

१ फेब्रुवारी

विचारलं.

महाराणी स्वतः दुकानात आली. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "ताई, ते डांबर कुणी, कधी लावलं काही आठवतं का? हे म्हणतात, ताईला विचार, बाबांचं सगळं तिला माहीत. एकदा वर येता का माझ्याबरोबर?"

माझ्या मनात आलं, आता मला साक्षीला उभं करून माझ्यासमोर माझ्या बापाचं डांबर खरवडणार. वर फोटो काढणार.

म्हटलं, "मला काय माहीत? मी रंग विकते."

तिनं विचारलं, "भिंतीच्या पायाशी एक लोखंडी खुंटी आहे, ती कशासाठी असेल?"

"शेळी बांधत असतील."

मग तिनं डांबर काढायचं थिनर मागितलं. मी दिलं. चांगलं होतं तेच दिलं.

४ फेब्रुवारी

डांबर गेलं. दुकानातून दिसतं. नाही बघणार म्हटलं तरी मान वर जाते.

१० फेब्रुवारी

जुना पट्टा घोटून तयार झाला. देखणा आहे, खोटं कशाला लिहू? लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतायत. हेडमास्तरांनी भाषण ठोकलं — "कुणा अडाण्यानं फासलेल्या डांबरापायी आपला वारसा चुन्याखाली गुदमरत होता!" सगळे हसले. धाकटाही हसला असेल. तो पाळण्यात होता, त्याचं काय जातं?

घरी आले आणि मोरीत नळ सोडून रडले. हे बाहेरून म्हणाले, "पाणी वाया जातंय गं." मग थोड्या वेळानं नुसतंच, "अगं?"

दगडांचा विचार मनात येतो. पण त्या वाटेनं येतं कोण? डोंग्या भरतीला येतात आणि भरतीला तिथून म्हैससुद्धा पोहत जाईल. कुणाचं काही बिघडत नाही. बिघडलं तर फक्त माझं बिघडलंय.

१६ फेब्रुवारी

माहेरी जेवायला बोलावलं होतं. बैठकीच्या खोलीत बाबांचं वल्हं भिंतीवर टांगलंय! पुसून, तेल लावून. शोभेला! ज्या वल्ह्यानं मला अजून-अजून सरक म्हटलं, ते आता पाहुण्यांना दाखवायला. मी वल्ह्याकडे पाठ करून बसले.

महाराणी वाढता वाढता एकेक विचारत होती. बाबा चालायचे कसे? रागवायचे का? तुम्हाला होडीत नेत? "मला तर त्यांना बघायलाही मिळालं नाही. हे सारखं सांगतात, ताई आणि बाबा, बाबा आणि ताई." मी म्हटलं, "मेलेल्या माणसाचं काय सांगायचं? आमटी वाढ." तिचा चेहरा उतरला. बरं वाटलं. मग येताना रस्त्यात बरं वाटेनासं झालं.

२० फेब्रुवारी

उद्घाटन एक मार्चला. मोठे साहेब येणार. नव्या बंदरावरून पाहुण्यांना आणि शाळेच्या गाणाऱ्या मुलांना लाँचमध्ये बसवून जुन्या धक्क्याला आणायचं — वाट दाखवणारं यंत्र बंद ठेवून, मोबाईल पिशवीत घालून, नुसत्या खांब-पट्ट्याच्या भरवशावर. "आपले पूर्वज यायचे तसं!" कल्पना अर्थात महाराणींची.

लाँचच्या सुकाणूवर आमची चिमणी.

पोरगी आनंदानं घरभर नाचली. मामीनं तिचं नाव सुचवलं म्हणे. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या आत काहीतरी टोचत होतं. माझ्या पोरीला मान द्यायचा तोही तिनंच!

आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघितलं. सकाळी अकराला येणार. तेव्हा भरती असेल. म्हणजे काळजी नाही.

२६ फेब्रुवारी

काळजी आहे.

साहेबांना सकाळी वेळ नाही. कार्यक्रम संध्याकाळी. मी कोष्टक पुन्हा पुन्हा बघितलं. त्या संध्याकाळी पूर्ण ओहोटी. आणि पौर्णिमा जवळ आलेली, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा आत जाणार.

माझी पोरगी त्या दगडांवरून लाँच आणणार. मुलं गात असतील.

२७ फेब्रुवारी

सगळं सांगितलं. बैठकीत उभी राहून सांगितलं. बाबा, फळी, वल्हं, खुंटी, पडलेले दगड, सगळं.

हेडमास्तर अगदी प्रेमानं म्हणाले, "ताई, आधी तुम्ही म्हणालात चुना चुकीचा. मग कठडा चुकीचा. आता पट्टाच चुकीचा?" मागे कुणीतरी खुदकन हसलं. शिंपीण असावी. धाकटा म्हणाला, "ताई, तिनं तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस माहीत नाही." खरंच म्हणाले होते!

महाराणी नव्हती. ती साहेबांना आणायला शहरात गेलीय. तिकडून परस्पर नव्या बंदरावर, तिथून लाँचमध्ये.

घरी चिमणीला सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. फळीची गोष्ट तिला पहिल्यांदाच कळली. म्हणाली, "ही तू मला कधीच का नाही सांगितलीस?" मग दाराशी थांबून, हळू आवाजात, "आई, मामीवर जळतेस म्हणून नाही ना बोलत आहेस?"

माझी पोरगी. मला.

२८ फेब्रुवारी

महाराणीला फोन केला. लागला नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा लागला — "हॅलो ताई! बोला ना ताई!" तिचा आवाज इतका खुश होता. मला फोन केला म्हणून खुश! थिनर देताना कशी तोंड वर करून बोलले होते. मी ठेवून दिला.

ठेवून दिला! काय म्हणावं अशा बाईला? नंतर फोन लागतच नाहीये.

१ मार्च, रविवार

आजचं आजच लिहून काढते, घाईघाईत. अक्षर असंच येईल.

दुपारी यांना म्हटलं, "मी आज काहीतरी करणार आहे आणि गाव माझ्या तोंडात शेण घालणार आहे." हे म्हणाले, "बरं. काही उचलायचंय का?" एवढंच. का, कशाला, काही नाही.

दुकान बंद करायच्या लाकडी फळ्या असतात आमच्या, ओळीनं खाचेत बसवायच्या. काळ्या रंगवलेल्या. त्यातली सगळ्यात लांब एक यांनी खांद्यावर घेतली. दुकान एका फळीनं उघडंच राहिलं. मी रंगारी लोक फरशीवर अंथरतात ती पांढरी चादर घेतली, सगळ्यात मोठी. गाव सगळं खाली धक्क्यावर, तोंडं समुद्राकडे. आम्ही मागून टेकडी चढलो. माझा श्वास फुलला. हे मध्ये मध्ये फळी टेकून थांबायचे, आपणच दमल्यासारखं दाखवायचे.

बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर गेले. चादर कठड्याला बांधली — त्याच कठड्याला! — आणि खाली सोडली. तिचा देखणा पट्टा झाकला. वरपासून खालपर्यंत. मग खाली आले, भिंतीच्या पायाशी गवत बाजूला केलं. खुंटी होती. तिनं काढली नव्हती. तिच्याभोवतीची माती साफ करून ठेवली होती.

खुंटीवर फळी उभी धरली. आता फळी माझ्यापेक्षा फार उंच नव्हती.

लाँच लांब दिसत होती. गाणं ऐकू येत होतं, वाऱ्यावर तुटक तुटक. पाणी एवढं आत गेलेलं की धक्क्याचं शेवाळ उघडं पडलं होतं. तेवढ्यात खालून कुणीतरी मागे वळून बघितलं. मग सगळेच वळले. "अहो ताईंनी पट्टा झाकला!" "जळकी मेली!" हेडमास्तर काठी घेऊन निघाले, त्यांच्यामागे निम्मी समिती, धाकटा सगळ्यांत पुढे. "ताई, काय चालवलंयस तू? सोड! लोकांसमोर तमाशा!"

तेव्हा हे वाटेत उभे राहिले. दोन्ही हात पसरून. आयुष्यात कुणाला 'हट' म्हटलं नाही या माणसानं. म्हणाले, "कुणी पुढे यायचं नाही. ती हलली तर चालणार नाही." आवाज तोच, बर्फासारखा. धाकटा थांबला.

मी हलले नाही. घाम डोळ्यांत गेला, पुसला नाही. लाँच सरळ येत होती, जुन्या वाटेवर. मी मनात म्हणत होते, बघ गं, बघ, वर बघ. मग लाँच किंचित कलली. धक्क्यापासून बाहेर गेली. अजून थोडी. मग पुन्हा सरळ. आणि तशीच आत आली, संथ, गाणं म्हणत.

तुटक्या टोकाजवळून जाताना पुढच्या टोकाला महाराणी ओणवी होऊन पाण्यात बघत होती. बराच वेळ.

फीत कापली. भाषणं झाली. माझ्याशी कुणी बोललं नाही. अंधार पडायच्या आत ती एकटी वर आली. पायातल्या चपला ओल्या. मी अजून तिथेच फळी घेऊन बसले होते. तिनं खुंटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. गच्चीवर जाऊन चादर सोडली, घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि खाली निघून गेली.

तिचा दिवस नासवला मी. ती आयुष्यभर विसरणार नाही. मी तरी विसरले असते का?

२ मार्च

दुकानात कुणी फिरकलं नाही. शिंपीण समोरून गेली, मान वळवून.

संध्याकाळी चिमणी आली आणि मागून येऊन गळ्यात पडली. लहानपणी पडायची तशी. म्हणाली, "पट्टा एकदम बाजूला सरकला. मला वाटलं डोळे फिरले. मग मी मामीला म्हटलं, तिथे आई उभी आहे."

"मग?"

"मामी म्हणाली, मग आईवर ने."

मी विचारलं, "कशावरून मीच असेन? एवढ्या लांबून?"

"हलत नव्हतं कुणी," पोरगी म्हणाली.

४ मार्च

महाराणी दुकानात आली. डांबराचा डबा मागितला, मोठा. म्हणाली, दगड बघितले मी ताई, घडीव आहेत, हात घातला असता तर लागले असते. समितीला तिनं सांगितलंय — दोन्ही पट्टे राहतील, जुन्यावर चुन्याची पातळ निवळी देऊन तो फिका करायचा, डांबराचा नव्यानं ओढायचा.

मी डबा पुढे सरकवला. ती उचलेना. काउंटरकडे बघत म्हणाली, "ताई, एक सांगू? मी तुमच्यावर जळते. या घरात आले तेव्हापासून. सगळं तुमचं आणि बाबांचं. भिंत, खुंटी, वल्हं, सगळं. मला वाटलं, एखादी गोष्ट तरी माझ्या हातची होईल."

मेली! हेसुद्धा तीच आधी बोलली.

उद्या ओहोटीला पट्टा आखायचा आहे. फळी ती धरणार. मी बाबांचं वल्हं भिंतीवरून उतरवून ठेवलंय, होडीत मी. तिला बजावलंय, वल्हं खाली केलं की थांब, मग हलायचं नाही, माशी बसली तरी.